द्वेयरा (गोझो) : ब्लू होल व इनलँड सी येथील स्कूबा डायव्हिंग

द्वेयरा हे माल्टातील गोझो बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे डायव्हिंगस्थळ. प्रवाळांनी बांधलेले रीफ इथे नाही. आहे तो चुनखडीचा कातळ. तो सरळ समुद्रात उतरतो आणि पाण्याखाली त्यात कमानी, घळी, उभ्या चिरा व गुहा आहेत. येथील 'अझूर विंडो' ही प्रसिद्ध कमान 8 मार्च 2017 रोजी वादळात कोसळली. तिचे घराएवढे तुकडे आता तळाशी पडले असून त्यांच्यामधल्या फटी हा डाइव्हचा नवा भाग झाला आहे.

ब्लू होल ही सुमारे 10 मीटर रुंद व 15 मीटर खोल नैसर्गिक विहीर. वाहनतळापासून तिथवर धारदार, खाचखळग्यांच्या खडकावरून पाठीवर सिलिंडर घेऊन चालावे लागते. जाड तळव्याचे बूट नसतील तर पाय मुरगळतो. विहिरीत उतरल्यावर साधारण 8 मीटरवर बाहेरच्या समुद्रात उघडणारी मोठी कमान लागते. बाहेर पडून भिंत उजव्या हाताला ठेवली की अझूर विंडोचे अवशेष व पुढे इनलँड सीचे तोंड. डावीकडे वळल्यास 'चिमणी' ही उभी चीर आणि कोरल केव्ह. विहिरीच्या तळाशीही एक प्रशस्त गुहा आहे. तिथे माथ्यावर खडक असल्याने थेट वर येता येत नाही.

गुहेत शिरण्याचे मनोरंजनात्मक डायव्हिंगमधले नियम दोन : गुहेच्या तोंडाचा उजेड सतत दिसला पाहिजे, आणि पृष्ठभागापासूनचे एकूण अंतर, खोली धरून, 40 मीटरपेक्षा जास्त नको. हवेचे तीन भाग करतात. एक आत जाण्यासाठी, एक बाहेर येण्यासाठी, एक राखीव. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार (बार हे दाबाचे एकक) म्हणजे 2,400 लिटर हवा. तिचा तिसरा हिस्सा 800 लिटर. मिनिटाला 20 लिटर श्वास घेणारा माणूस 15 मीटरवर, 2.5 बार दाबाखाली, मिनिटाला 50 लिटर वापरतो. म्हणजे आत जायला फार तर 16 मिनिटे. राखीव हिस्सा ही चैन नव्हे. अगदी आत असताना बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, हवा संपली, तर एकाच सिलिंडरवर दोघांना बाहेर यायचे असते, आणि घाबरलेला माणूस दीडपट-दुप्पट हवा ओढतो.

तळाशी बारीक गाळ असतो. पाय वर-खाली मारले की तो उठतो आणि परतीच्या वेळी गुहेचे तोंड दिसेनासे होते. म्हणून गुडघे वाकवून बेडकासारखे पाय मारावेत. पाण्याखाली राहण्यासाठी अंगावर बांधलेले शिसे कमी पडले तर सिलिंडर संपत आल्यावर डायव्हर हलका होऊन छताला चिकटतो. भारतात ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर शिकलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की इथे बहुधा स्टीलचे मिळतात व त्यांना साधारण 2 किलो शिसे कमी लागते.

इनलँड सी हे किनाऱ्याआडचे उथळ तळे. ते सुमारे 80 मीटर लांबीच्या बोगद्याने समुद्राला जोडलेले आहे. बोगद्याचा तळ उतरत जातो आणि बाहेरच्या तोंडाशी 25 मीटरच्या पुढे जातो, त्यामुळे 18 मीटरपर्यंतचा ओपन वॉटर परवाना पुरत नाही. डोक्यावर पाणी मोकळे असले तरी तिथे वर यायचे नाही : पर्यटकांच्या होड्या याच बोगद्यातून ये-जा करतात, आणि पाण्यात आवाजाची दिशा कळत नसल्याने इंजिन ऐकू येऊनही होडी कोणत्या बाजूला आहे ते समजत नाही. तळाजवळून, भिंतीला धरून जावे.

हवा निवळ असताना 30 मीटरपर्यंत दिसते, आणि गडबड इथेच होते. तारकर्ली-मालवणच्या गढूळ पाण्यात शिकलेल्या माणसाला वरच्या लाटा स्पष्ट दिसतात, म्हणून आपण उथळच आहोत असे वाटते. नजरेवर नव्हे, खोली व वेळ दाखवणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर विसंबावे.

भरती-ओहोटी इथे नगण्य. पाहायचा तो वारा. 'मय्यिस्ट्राल' हा वायव्येचा वारा सुटला की ब्लू होलमधले पाणी वर-खाली हिंदकळू लागते आणि बाहेर येताना लाट माणसाला खडकावर आपटते. उतरताना बरी वाटणारी लाट तासाभरात वाढू शकते, म्हणून उतरण्याआधी काही मिनिटे उभे राहून बाहेर येण्याची जागा पाहावी. वारा टिकून असेल तर दक्षिणेकडील आडोशाचे मजार इश-शिनी बरे.

पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये 15 अंशांपर्यंत उतरते, ऑगस्टमध्ये 26 च्या आसपास असते. हिवाळ्यात 7 मिमीचा सूट लागतो. गुहांच्या भिंतींवरचे केशरी प्रवाळ आणि सावलीत थव्याने राहणारे लाल कार्डिनल मासे टॉर्चशिवाय करडेच दिसतात. हात टेकण्याआधी अग्निकृमी (केसाळ समुद्री किडा) नाही ना ते पाहावे; त्याचे पांढरे केस कातडीत मोडतात आणि आग होते.

डीकम्प्रेशनच्या आजारावरील (दाब झपाट्याने कमी झाल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होणे) दाबकक्ष माल्टा बेटावरील मातेर देई रुग्णालयात आहे. आपत्कालीन क्रमांक 112. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत. गोझोहून माल्टाला जाणाऱ्या फेरीबोटीला हा नियम लागू नाही.