ड्रोनने फवारणी करून घेताय? टाकी भरण्याआधी हे कागद बघा

शेतात फवारणीसाठी ड्रोन बोलवायचा तर शेतकऱ्याला स्वतःचं लायसन्स लागत नाही. परवाना उडवणाऱ्याचा आणि नोंदणी ड्रोनची. तुमचं काम म्हणजे तारीख ठरवतानाच ते कागद मागून घेणं. "आमचं सगळं ओके आहे" एवढ्या तोंडी उत्तरावर भागवू नका. फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिला कागद रिमोट पायलट सर्टिफिकेटचा. बोलण्यात आपण लायसन्स म्हणतो, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये ड्रोन नियम २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि लायसन्सच्या जागी सर्टिफिकेट आलं. डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण घेतल्यावर ते मिळतं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण किमान दहावी पास लागतं. मुदत १० वर्षांची. बचत गटाची ड्रोन दीदी (सरकारी योजनेतून ड्रोन चालवायला शिकलेली महिला) येणार असेल तर तिच्याकडेही हेच बघायचं.

सर्टिफिकेटवर ड्रोनचा वर्ग लिहिलेला असतो, तो नीट वाचा. भरल्या टाकीसह वजन २ ते २५ किलो असेल तर स्मॉल, २५ च्या वर १५० पर्यंत मीडियम. १० लिटरचा ड्रोन बहुधा स्मॉलमध्ये बसतो. १६ लिटरचा भरला की २५ किलोच्या पुढे जाऊ शकतो, आणि मग नुसतं स्मॉलचं सर्टिफिकेट चालत नाही. हे सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

ड्रोनचा स्वतःचा नंबर म्हणजे यूआयएन. गाडीला नंबर प्लेट तसा. कागदावरचा आणि ड्रोनवरचा नंबर जुळवून बघा. थर्ड पार्टी विमाही बंधनकारक आहे, पण औषध उडून शेजाऱ्याचं पीक करपलं तर भरपाई मिळेल का, हे त्या पॉलिसीतच वाचावं लागतं.

जागेचं म्हणाल तर डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर शेत हिरव्या भागात असेल तर ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि फवारणीचा ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवरच असतो. विमानतळाजवळच्या शेतकऱ्यांनी मात्र आधी नकाशा बघावा. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, लाल भागात केंद्र सरकारची. ती काढणं ड्रोनवाल्याचं काम.

आता औषध. माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. पाठीवरच्या पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर पाणी जातं, ड्रोनने साधारण १० लिटर. म्हणजे थेंब बारीक आणि द्रावण कितीतरी जहाल. वारा असेल तर ते बांध ओलांडतं. तणनाशक असेल तर विचारायलाच नको. त्यामुळे ड्रोनने मारायला मान्यता असलेलंच औषध, ठरलेल्या मात्रेतच वापरायचं. बाटलीवरचं लेबल आणि आतलं पत्रक वाचा. दुकानदार किंवा ड्रोनवाला "दोन-तीन औषधं एकत्र टाकू" म्हणाला तर आधी कृषी सहाय्यकाला (आता सहायक कृषी अधिकारी) विचारा.

कीटकनाशके नियम १९७१ मध्ये हवाई फवारणीच्या अटी आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ऑपरेटरवर येतात: क्षेत्राच्या खुणा करणं, हातपाय धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ठेवणं. फवारणीची सूचना सक्षम अधिकाऱ्यांमार्फत किमान २४ तास आधी लोकांना द्यायची असते. ती दिली का, हे ड्रोनवाल्याला विचारा आणि शेजाऱ्यांना स्वतःही फोन करा. मधमाश्यांच्या पेट्या, रेशीमवाल्याची तुती किंवा उघडी विहीर जवळ असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

बुकिंगला नाव, गट नंबर, पीक आणि एकर सांगावे लागतात. त्याच मेसेजमध्ये औषधाचं नाव, एकरी मात्रा आणि वारा सुटला तर काम थांबवायचं हेही लिहून घ्या. फवारणी झाली की ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या शेतात गुरं सोडायची नाहीत, आणि बांधावरचं गवतही कापून आणायचं नाही.