वीस शब्दांत एक अनोळखी

चीनमध्ये दरवर्षी ७ जूनला सुरू होणाऱ्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीला १५० गुण असतात आणि सध्याच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत त्यांतले ५० गुण उताऱ्यांच्या आकलनाला दिलेले आहेत. साहजिकच उच्च माध्यमिक शाळांतील मुले तीन वर्षे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत राहतात. मात्र उत्तराचा पर्याय निवडण्याची सवय झाली म्हणजे वाचनही सुधारले, असे घडतेच असे नाही.

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नाही, तर उड्या मारत जातो आणि प्रत्येक ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबतो. सराईत वाचकाची इंग्रजीतील उडी सात ते नऊ अक्षरांची असते, चिनी मजकुरात ती दोन-तीन चिन्हांची. चिनी लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे कोठे एक शब्द संपून दुसरा सुरू होतो हे वाचकच ठरवतो. इंग्रजीत ती सोय आयती मिळते, पण तेथे अक्षरांवरून उच्चार जुळवावा लागतो. मिन वांग, केइको कोडा आणि चार्ल्स परफेट्टी यांच्या २००३ सालच्या अभ्यासात इंग्रजी शब्द ओळखताना, ज्यांची लिपी उच्चारांवर आधारलेली आहे ते कोरियन विद्यार्थी सारख्या उच्चारांमुळे अधिक फसले, तर चिनी विद्यार्थ्यांवर स्पेलिंगच्या साम्याचा प्रभाव अधिक दिसला. मातृभाषेची लिपी दुसऱ्या भाषेच्या वाचनातही अशी डोकावते.

वाक्यरचनेची अडचण मराठी वाचकाला चटकन पटेल. ‘मी काल विकत घेतलेले पुस्तक’ या शब्दसमूहात विशेषण आधी आणि नाम शेवटी येते. चिनी भाषेतही क्रम हाच आहे. इंग्रजीत ‘द बुक दॅट आय बॉट यस्टरडे’ असे नाम आधी येते, मागून लांबलचक वर्णन, आणि मुख्य क्रियापद त्याच्याही पुढे, त्यामुळे तेथवर पोहोचेपर्यंत ते नाम स्मरणात धरून ठेवावे लागते. चिनी वर्गांत ‘लांब-अवघड वाक्ये’ फोडून दाखवण्याचा वेगळा पाठच असतो, आणि तो योग्यच आहे.

प्रश्नपत्रिकेतला सर्वांत कल्पक प्रकार मला ‘सातांतून पाच’ हा वाटतो. उताऱ्यातील पाच वाक्ये काढून घेतलेली असतात, समोर सात दिलेली असतात आणि प्रत्येक वाक्य त्याच्या जागी बसवायचे असते. फसवी वाक्ये विषयाला धरूनच असतात, त्यामुळे उताऱ्यातला एखादा शब्द वाक्यात पुन्हा दिसला म्हणून ते निवडणारा हमखास अडकतो. ‘हे’, ‘असे’, ‘तरीही’ यांसारखे शब्द मागच्या कोणत्या गोष्टीकडे बोट दाखवतात हे ज्याला दिसते, तोच वाचतो आहे असे म्हणता येईल.

अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढा, हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्यासाठी आजूबाजूचे शब्द तरी ओळखीचे हवेत. संशोधक हू आणि नेशन यांनी २००० साली काढलेल्या निष्कर्षानुसार कथेचे पुरेसे आकलन होण्यास सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, म्हणजे पन्नासांत एकच अनोळखी. वीसांत एक अनोळखी असला, तरी बहुतेकांची दमछाक होते.

म्हणून सरावाआधी उताऱ्यातले अनोळखी शब्द मोजून पाहावेत. ते फार निघाले, तर तो उतारा शब्दसंग्रहाच्या तासाला ठेवावा आणि वाचनासाठी सोपा निवडावा. उत्तर चुकले, की बरोबर पर्याय लिहून घेण्याऐवजी उताऱ्यातले कोणते वाक्य आपण चुकीचे लावले ते शोधावे, आणि मग घड्याळ बाजूला ठेवून तोच उतारा पुन्हा वाचावा.