चार अणूंचं विरजण

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. पितळी घंगाळ, फाटका होल्डॉल, दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डब्यात बाबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, कातडी केससकट. केसच्या तळाशी कागदी पट्टीने बंद केलेला एक रोल आणि पट्टीवर बाबांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलेलं : गणपती ८६.

म्हणजे फोटो काढून झाले होते, रोल कॅमेऱ्यातून उतरवला होता आणि धुवायला द्यायचा राहून गेला होता. का राहिला, ते सांगायला बाबा आता नाहीत. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्या मनात लगेच दुसरा प्रश्न आला. जवळजवळ चाळीस वर्षं ठाण्याच्या माळ्यावर पडलेल्या या रोलवर अजून काही उरलं असेल का?

त्यासाठी आधी हे बघायला हवं, की न धुतलेल्या रोलवर असतं तरी काय. डोळ्यांना दिसेल असं काहीही नसतं. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. थोडं आयोडाइडही मिसळलेलं असतं. कॅमेऱ्याचा खटका दाबला की प्रकाश या स्फटिकांवर पडतो आणि स्फटिकातला एखादा इलेक्ट्रॉन सुटा होतो. तो भटकत एखाद्या खाचेत अडकतो. त्याच्या ओढीने चांदीचा एक आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, तिथे येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा अणू होतो. पण एकटा अणू टिकत नाही. काही सेकंदांत तो पुन्हा विस्कटतो. तेवढ्यात दुसरा इलेक्ट्रॉन आला तर दोघांची जोडी जमते. अशी साधारण चार अणूंची गोळी एका जागी झाली, की तो स्फटिक 'लागला'. हा सगळा क्रम रोनाल्ड गर्नी आणि नेव्हिल मॉट यांनी १९३८ मध्ये मांडला. या अदृश्य खुणेला सुप्त प्रतिमा म्हणतात.

एका स्फटिकात चांदीचे अब्जावारी आयन असतात आणि त्यातले फक्त चार बदललेले. मग फोटो दिसतो कसा? इथे मला कायम विरजण आठवतं. पातेलंभर दुधाला चमचाभर दही पुरतं. डेव्हलपरमधलं, म्हणजे फिल्म धुण्याच्या पहिल्या द्रावणातलं, हायड्रोक्विनोनसारखं रसायन प्रत्येक स्फटिकाला इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतं, पण जिथे चांदीची गोळी आधीच बसलेली आहे तिथेच ते झपाट्याने देऊ शकतं. त्या चार अणूंच्या आधाराने अख्खा स्फटिक काळी चांदी होऊन जातो. शेजारचा, विरजण न लागलेला स्फटिक तसाच राहतो आणि पुढे हायपोत, म्हणजे न लागलेले स्फटिक काढून टाकणाऱ्या द्रावणात, विरघळून निघून जातो. प्रकाशाने केलेलं काम डेव्हलपर अब्जपटीने वाढवतो. एवढी मोठी वाढ इतक्या साध्या द्रावणात, घरातल्या न्हाणीघरात होते, याचं मला आजही नवल वाटतं.

एकट्या अणूच्या अस्थिरतेमुळे फिल्मला एक खोडही आहे. उजेड फार मंद असला तर पहिला अणू दुसऱ्याची वाट बघता बघता विस्कटतो. म्हणून हिशोबाने दहा सेकंद पुरायला हवे असतात तिथे कित्येकदा वीस-तीस द्यावे लागतात. संध्याकाळचे फोटो जुन्या कॅमेऱ्यांवर काळे का यायचे, त्यात हेही एक कारण. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इलेक्ट्रॉन ज्या खाचेत अडकतो ती खाच कशाची, याची गोष्ट तर थेट आपल्या फोडणीपाशी येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिल्म बनवणारे हैराण होते. तीच कृती, तीच मापं, पण जिलेटिनचा एक घाणा तेज निघायचा आणि दुसरा मठ्ठ. जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी १९२५ च्या सुमारास शोधून काढलं, की फरक जिलेटिनमधल्या अत्यल्प गंधकयुक्त संयुगांनी पडतो. मोहरी कुटल्यावर नाकात जो ठसका बसतो तो ज्या संयुगाचा, त्याच जातीची ही संयुगं आणि ती येत होती गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून. त्यातलं गंधक स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे बारीक ठिपके बसवतं आणि इलेक्ट्रॉन नेमके तिथे अडकतात. प्रमाण किती, तर दहा लाखांत काही भाग. पुढे कारखाने शुद्ध जिलेटिन घेऊन गंधक स्वतःच मोजून घालू लागले.

आता माझ्या रोलकडे. तो 'इंदू'चा होता. 'इंदू' बनवणारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना उटीला उभा राहिला. फिल्मच्या थराला धूळ आणि दमट हवा चालत नाही, म्हणून निलगिरीतली स्वच्छ, थंड हवा. आता तो कारखाना बंद आहे. उटीच्या गारव्यात जन्मलेली ती फिल्म चाळीस उन्हाळे आणि चाळीस पावसाळे आमच्या गच्चीखालच्या माळ्यावर राहिली. ओला हात लावला तर पापड जसा मऊ पडतो, तसं जून ते सप्टेंबर जिलेटिन हवेतलं पाणी ओढत असणार.

सुप्त प्रतिमा दोन बाजूंनी मरते. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा मिळून त्या चार अणूंतले एकेक परत आयन करतात, विरजण मेल्यासारखं. आणि दुसरीकडे, उष्णतेने न लागलेल्या स्फटिकांतही अधूनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तिथे आपोआप गोळ्या जमू लागतात. दूध नुसतं ओट्यावर ठेवलं तरी उन्हाळ्यात ते स्वतःहून आंबतंच ना, तसंच. या खोट्या काळेपणाला फॉग म्हणतात. खरी खूण पुसट होत जाते, फॉग वाढत जातो आणि कधीतरी दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. रासायनिक क्रियांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो.

उलट टोकाचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर होतं. स्वीडनचे सॉलोमन आंद्रे आणि त्यांचे दोन सोबती १८९७ मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि बर्फात संपले. त्यांचा मुक्काम ३३ वर्षांनी, १९३० मध्ये क्विटोया बेटावर सापडला. सोबत न धुतलेली फिल्म होती. स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्सबर्ग यांनी ती धुतली आणि सुमारे २४० पैकी ९३ फोटो वाचवले. पडलेलं बलून आणि त्याच्याकडे बघत उभी असलेली माणसं त्या फोटोंत स्पष्ट दिसतात. तिथे ओल होती, पण थंडीही होती. ठाण्यात ओल आणि ऊन दोन्ही.

फॉगचा आणखी एक झरा आहे, तो कुठलाच माळा अडवू शकत नाही. आकाशातून येणारे वैश्विक किरण फिल्मवरही खुणा सोडतात. बिभा चौधुरी आणि देबेंद्र मोहन बोस या भौतिकशास्त्रज्ञांनी याच गुणाचा शास्त्राला उपयोग करून घेतला. १९३९ ते १९४२ या काळात त्यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच जागी फोटोग्राफीच्या प्लेटा महिनोन्महिने ठेवल्या आणि कणांचे माग मोजून मेसॉन या अणूहूनही सूक्ष्म कणाच्या वस्तुमानाचा अंदाज बांधला. युद्धामुळे त्यांना अधिक संवेदनशील प्लेटा मिळाल्या नाहीत आणि काम तिथेच थांबलं. चांगल्या प्लेटांवर याच पद्धतीने पुढे काम करणाऱ्या सेसिल पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं. बिभा चौधुरी १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. शाळेच्या पुस्तकांत हे नाव नाही, ते असायला हवं.

रोल धुवायचं ठरवल्यावर रसायनं फोर्टातल्या बोरा बाजारातून आणली आणि राम मारुती रोडवर पूर्वी स्टुडिओ चालवणाऱ्या एका काकांना गाठलं. काळ्या-पांढऱ्या फिल्मची सगळी कोष्टकं २० अंश सेल्सिअस धरून केलेली असतात. आमच्या नळाला मे महिन्यात पाणी येत होतं ३२ अंशांचं.

"काका, सगळं बर्फात ठेवू का?"

"अगं, आधी पहाटे कर. टाकीचं पाणी तेव्हा त्यातल्या त्यात गार असतं. मग परातीत बर्फ घालून चोवीसवर आण. वीसचा हट्ट नको."

चोवीसला वेळ कमी लागतो. वीसला दहा मिनिटं लागत असतील तर इथे साताच्या आसपास. पण काकांचा खरा धाक दुसराच होता. डेव्हलपर, त्याचं काम थांबवणारा स्टॉप, हायपो आणि शेवटचं धुण्याचं पाणी, सगळं एकाच तापमानाला हवं. गार डेव्हलपरमधून फिल्म एकदम कोमट पाण्यात गेली तर फुगलेलं जिलेटिन आक्रसतं-ताणतं आणि त्यावर सुकलेल्या तळ्याच्या तळासारखी जाळी पडते. एसी नसलेल्या दिवसांत ते उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालत, म्हणजे जिलेटिन कमी पाणी पितं आणि फुगत नाही. मी तेही घातलं आणि फॉग दाबायला चिमूटभर बेंझोट्रायाझोल. रंगीत रोलचं मात्र उलटं आहे. त्याचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर चालतो, त्यामुळे रंगीत काम करणाऱ्याला ठाण्याचा उन्हाळा मानवतो.

हायपोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच पाहिलं होतं, की चांदीचे क्षार यात विरघळतात. फोटोग्राफी जन्माला आली १८३९ मध्ये आणि लगेच ती वीस वर्षांपूर्वीची नोंद कामाला आली. वापरलेल्या हायपोत चांदी उरते, म्हणून पूर्वी स्टुडिओंकडून तो विकत नेणारी माणसं यायची. काकांनी ते तोंडभरून सांगितलं.

माझे विद्यार्थी विचारतात, एवढा खटाटोप कशाला, फोन आहे की. बरोबर आहे. फोनमधल्या सिलिकॉनला विरजण लागत नाही. तिथे प्रकाशाचा कण इलेक्ट्रॉन सोडवतो, तो लगेच मोजला जातो आणि पुढच्या क्षणी पाटी कोरी. आलेल्या कणांपैकी निम्म्याहून जास्त कामी येतात, फिल्मवर शंभरातले एखाद-दोन. म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी काचेच्या प्लेटा कधीच सोडल्या. पण मेमरी कार्डातही शेवटी अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉनच असतात आणि तेही गरम जागी वर्षानुवर्षं पडून राहिले तर झिरपतात. माळा कुणालाच सोडत नाही.

एका बाबतीत फिल्म अजून मला आवडते. भगभगीत उजेडात सेन्सरची बादली भरली की वरचं सगळं सांडतं, उरतो कोरा पांढरा. फिल्मवर मोठे स्फटिक आधी लागतात, बारीक नंतर. त्यामुळे उजळ भाग हळूहळू भरत जातो आणि मासुंदा तलावावरच्या दुपारच्या चकाकीतही पाण्याच्या रेघा टिकतात.

आता कॅमेऱ्याचं. क्लिक थ्रीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. हे फक्त जुन्या कॅमेऱ्यांना होतं असं समजू नका, वाशी-नेरुळच्या खाडीकाठच्या घरांत नव्याकोऱ्या लेन्सनाही होतं. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की बोटांचा तेलकट ठसा आणि धूळ यांवर बुरशी जगते. तिच्या आम्लांनी भिंगावरचा लेप खरवडला जातो आणि नंतर पुसून काही होत नाही. कातडी केस म्हणजे तर तिचं माहेर, कातडं ओल धरून ठेवतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायची पद्धतही सोडा, तांदूळ ओल फारशी घेत नाहीत आणि त्यांचं पीठ आत जातं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं.

मे महिन्यातल्या त्या पहाटे मी रोल धुवायच्या डब्याचं झाकण उघडलं. फिल्म जवळजवळ सगळीकडे करडी झाली होती आणि मागच्या काळ्या कागदावरचे छापील आकडे ओलीने फिल्मवर उमटले होते, चार आणि पाच तर चित्राच्या मधोमध. बारापैकी पाच चौकटींत काहीतरी होतं. विसर्जनाच्या चौकटीत पेट्रोमॅक्सचा एक काळा ठिपका आणि त्याच्या पाण्यातल्या प्रतिबिंबाची रेघ, बाकी अंधार. तलावाच्या पायऱ्यांवर उभ्या माणसांच्या चेहऱ्यांवर तेव्हा उजेड होता, पण चार अणू जमतील इतका नव्हता.

दुसरी चौकट सकाळची, आरासीशेजारची. ती सगळ्यात चांगली आली. निगेटिव्ह वाळली तेव्हा आईने ती खिडकीच्या उजेडाकडे धरली. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं आणि पांढरं ते काळं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "ही मीच. केस बघ, आत्ताचेच वाटतात."