टक्कल पूर्ण पडल्यावर केसांचे प्रत्यारोपण कितपत उपयोगी?

डोक्याचा वरचा सारा भाग उघडा पडल्यानंतरही प्रत्यारोपणाचा उपयोग होऊ शकतो. मात्र तो किती होईल, हे शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच मागच्या बाजूला शिल्लक राहिलेल्या केसांवर अवलंबून असते. या शस्त्रक्रियेत नवा केस एकही निर्माण होत नाही. डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातील केशमुळे काढून ती उघड्या जागी रोवली जातात, एवढेच. पुरुषांच्या आनुवंशिक टकलाला कारणीभूत ठरणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला ही मागची मुळे सहसा बळी पडत नाहीत, आणि जागा बदलली तरी त्यांचा हा गुण त्यांच्याबरोबर जातो. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडले आणि आजची सारी पद्धत त्यावरच उभी आहे.

टकलाच्या तीव्रतेसाठी हॅमिल्टन-नॉरवूड मापनपद्धती वापरतात. तिच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर कानांच्या वरून मागे जाणारी नालेच्या आकाराची एक पट्टीच काय ती उरते. खरी अडचण इथे हिशेबाची आहे. केस एकेकटे नव्हे, तर एक ते चार केसांच्या पुंजक्यांनी उगवतात आणि प्रत्यारोपणात असा एक पुंजका म्हणजे एक ग्राफ्ट. उघडी जागा सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरली आणि दर चौरस सेंटिमीटरला नैसर्गिक दाटीप्रमाणे ७० पुंजके बसवायचे म्हटले, तर १४,००० ग्राफ्ट लागतील. मागच्या पट्टीतून आयुष्यभरात मिळून साधारणपणे ५,००० ते ७,००० ग्राफ्टच निर्धोकपणे काढता येतात, अनेकांच्या बाबतीत त्याहूनही कमी. जास्तीचा हव्यास धरल्यास मागचा भागच विरळ दिसू लागतो, आणि तिथून काढलेले मूळ पुन्हा उगवत नाही.

सुदैवाने, डोळ्यांना दाट वाटण्यासाठी मूळची सारी दाटी लागत नाही. निम्म्याच्या आसपास केस गळेपर्यंत विरळपणा सहसा जाणवतही नाही. म्हणूनच अनुभवी शल्यचिकित्सक आधी पुढच्या भागाचा विचार करतात. कपाळालगतच्या साधारण ६० चौरस सेंटिमीटर जागेत दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट लावले, तर २,४०० ग्राफ्टमध्ये चेहऱ्याला चौकट मिळते, आणि समोरून पाहणाऱ्याला फरक स्पष्ट दिसतो. भोवऱ्याची जागा मात्र फार ग्राफ्ट खाते. तिथे केस चक्राकार बाहेर वळत असल्याने एकमेकांना झाकत नाहीत. प्रगत टकलात भोवरा विरळ ठेवणे किंवा तसाच सोडणे हाच बहुधा शहाणपणाचा निर्णय ठरतो, जरी रुग्णांना तो पटवणे अवघड जाते. केसरेषादेखील थोडी उंच आणि कोपऱ्यांत मागे सरकलेलीच आखावी लागते. विशीतल्यासारखी खाली ओढलेली रेषा भरण्यात साठा संपला, तर मागे मोठा उघडा पट्टा उरतो.

एकाच आकड्याचे ग्राफ्ट दोन माणसांत सारखे दिसत नाहीत. जाड किंवा कुरळा केस अधिक त्वचा झाकतो, आणि केस व त्वचेच्या रंगांत फरक कमी असेल तर विरळपणा कमी जाणवतो. साठा अपुरा असल्यास दाढीचे केसही घेता येतात. ते राठ असल्यामुळे पुढच्या रेषेत शोभत नाहीत, पण मधल्या भागात डोक्याच्या केसांत मिसळून लावले की भर चांगली पडते. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, मुळे मात्र टिकून असतात. नवी वाढ तीन-चार महिन्यांनी सुरू होते आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष किंवा त्याहून थोडा अधिक काळ लागतो.

काहींना मात्र शस्त्रक्रियेपासून परावृत्त करणेच योग्य असते. ज्यांच्या मागच्या पट्टीतले केसही बारीक होत चालले आहेत, त्यांच्यात तिथून नेलेला केस नव्या जागीही तसाच क्षीण होत जाण्याची शक्यता असते. त्यामुळे ग्राफ्टची संख्या ठरवण्याआधी मागचे केस भिंगाखाली तपासून त्यांची जाडी आणि दाटी मोजून घेतली जाते.