'मेमरी फुल' म्हणजे नक्की काय फुल?

कुडाळ-कणकवलीकडे मोबाईलच्या दुकानात जाऊन नुसतं 'मेमरी वाढवून द्या' म्हटलं तर पोरगा विचारणारच, चिप (मेमरी कार्ड) टाकायची की जास्त रॅमवाला (चालू कामापुरती तात्पुरती जागा, ती रॅम) फोन बघताय? हा घोळ त्याने घातलेला नाही, १९४५ पासून चालत आलाय.

त्याच्या आधीचं थोडक्यात. इंग्रजीत हा शब्द लॅटिन 'मेमोरिया'वरून फ्रेंचमार्गे आला, आणि त्याचं मूळ आपल्या 'स्मृ' धातूशी जुळतं असं भाषावाले साधारणपणे धरतात. आपल्याकडे मात्र कामं वाटलेली आहेत. आठवण येते, स्मरण करतात, फारसीतली याद बरीचशी दमदाटीला उरली ('याद राख!') आणि तिचीच यादी वाण्याकडे गेली, शिवाय लग्न ठरलं की याद्या होतात त्या वेगळ्याच. स्मृतीचं प्रकरण गुंत्याचं. श्रुती ऐकलेली, स्मृती आठवून सांगितलेली, इतकं साधं होतं, पण त्या नावाने धर्मशास्त्राचे ग्रंथ आले आणि कुणीतरी आठवून सांगितलेलं सगळ्यांना नियम म्हणून लागू झालं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळली ती असलीच एक स्मृती. त्यामुळे 'मेमरी'ला मराठीत सरसकट 'स्मृती' म्हणा असं कुणी सुचवलं की मी तरी जरा थबकतो.

आता मुख्य गोष्ट. जून १९४५ मध्ये अमेरिकेत एडव्हॅक नावाच्या नियोजित कॉम्प्युटरवर एक अहवाल निघाला, लिहिणारा गणितज्ञ, आणि त्याने यंत्राच्या भागांची तुलना मेंदूतल्या पेशींशी करत आकडे ठेवायच्या भागाला मेमरी म्हटलं. खरं तर शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये कागदावरच राहिलेल्या एका गणनयंत्रात याच भागाला 'स्टोअर' नाव दिलेलं होतं, म्हणजे सरळ वखार, आणि तिकडचे लोक पुढेही बराच काळ 'स्टोअर'च म्हणत राहिले. माझ्या मते तेच बरोबर होतं! कारण यंत्राला काही आठवत नाही, तुम्ही पत्ता द्यायचा, त्या पत्त्यावर जे असेल ते बाहेर येतं. वासावरून, गाण्यावरून अचानक काही सुचणं हा प्रकारच त्यात नाही. पण अमेरिकन शब्द चालला, आणि यंत्र 'विचार करतं' वगैरे बोलायला तिथूनच मोकळीक मिळाली असं मला वाटतं.

पुढे गुंता वाढतच गेला. पन्नास-साठच्या दशकात तारेत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या होत्या, त्या करंट गेला तरी लक्षात ठेवायच्या. १९७० मध्ये आजच्या रॅमच्या जातीची, १०२४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ एवढीच नोंद) चिप बाजारात आली, स्वस्त आणि छोटी, पण ही सारखी ताजी करत राहावी लागते आणि लाईट गेली की सगळं साफ. (कोकणात पावसाळ्यात डेस्कटॉपवर काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग फ्लॅश (मेमरी कार्डात असते ती) आली, ती पुन्हा करंटशिवाय टिकणारी. गुण एकदम उलटे, तरी नाव दोघींना मेमरीच.

गावात शब्द खरा रुजला तो मेमरी कार्डामुळे. नखाएवढं काळं कार्ड, त्याला आपण चिप म्हणतो, आणि दुकानाबाहेर पाटी 'गाणी भरून मिळतील'. शिमग्याआधी आणि गणपतीत गर्दी, भजनं, दशावतार, जाखडी, सगळं एका चिपवर. तिथे मेमरी म्हणजे जागा हे पक्कं झालं. नंतर जास्त जागेचे फोन आले, चिपचा खाचा बऱ्याच मॉडेलांतून गायबच झाला, सेटिंगमध्ये 'स्टोरेज' वेगळं दिसायला लागलं, तरी 'मेमरी फुल' तोंडातून जात नाही.

आणि आता कंपन्यांनी नवीनच काढलंय, खोक्यावर '८ + ८ जीबी रॅम'. त्यातली दुसरी ८ रॅम नसतेच, स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली, आणि खऱ्या रॅमपेक्षा बरीच स्लो. फोन घेताना पहिला आकडा बघा.