मधलं चित्र कोण काढतं?

माझ्या भाचीच्या दोनशे पानी वहीत, उजव्या कोपऱ्यात, एक चेंडू राहतो. पानागणिक तो जरासा खाली, मग जरासा वर. अंगठ्याखालून पानं फर्रकन सोडली की मस्त टप्पे घेतो. परवा घाईत मधलंच एक पान फाटलं, तरी चेंडू काही अडखळला नाही. "मावशी, फाटलेल्या पानावरचा चेंडू मला कुठून दिसला?"

शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर 'दृष्टिसातत्य' असं एका शब्दात असतं. डोळ्यांसमोरचं चित्र गेलं तरी त्याचा ठसा क्षणभर रेंगाळतो. पण ठसे नुसते रेंगाळले असते, तर चेंडूंचा गिचमिड ढीग दिसला असता, उडी नव्हे. जर्मनीतल्या माक्स वेर्थहायमर यांनी १९१२ साली याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थोड्या अंतरावरच्या दोन रेषा त्यांनी पटकन एकीनंतर एक दाखवल्या, आणि पाहणाऱ्यांना एकच रेष इकडून तिकडे सरकलेली दिसली. सरकणारी रेष नव्हतीच. ते सरकणं मेंदूने स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

ॲनिमेशनचा सगळा संसार या पदरमोडीवर चालतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या चित्रपटात एकच चित्र बरेचदा दोन फ्रेमना वापरतात, म्हणजे १२ चित्रांत सेकंद निघतो. मुख्य चित्रकार महत्त्वाच्या हालचाली काढतो, मधली चित्रं भरणाऱ्याला इनबिट्वीनर म्हणतात. त्यानंतरही जी फट उरते ती आपण भरतो, बिनपगारी.

हे सगळं सुचलं ते ठाण्यातल्या कासारवडवलीला, एका पावसाळी रविवारी. ताई-भाऊजी मे महिन्यात साताऱ्याहून इथे राहायला आलेत, अर्धं सामान अजून खोक्यांत आहे. खोक्यांच्या मध्येच बसून आम्ही 'इनसाइड आउट' हा २०१५ चा चित्रपट पाहिला. अकरा वर्षांची रायली आईबाबांबरोबर मिनेसोटातलं गाव सोडून सॅन फ्रान्सिस्कोला येते. मैत्रिणी सुटतात, बाबांना कामाचा ताण आणि सामानाचा ट्रक काही येत नाही. "आपलापण टेम्पो मुंब्रा बायपासला अडकला होता," भाची म्हणाली, आणि त्या क्षणापासून रायली आमच्या सोसायटीतलीच झाली.

शेवटाकडे तिघीही नाक ओढत होतो. (रडताना नाक का वाहतं, तर अश्रूंची एक बारीक नळी डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट नाकात उतरते. सर्दीचं निमित्त सांगणाऱ्यांची ती मोठीच सोय आहे.) पण रडत होतो कुणासाठी? संगणकावर रंगवलेल्या, जगात कुठेच नसलेल्या मुलीसाठी.

मुळात मुलगीसुद्धा लागत नाही. अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ मध्ये एका छोट्याशा मूक फिल्मवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. फिल्ममध्ये पात्रं तीन: एक मोठा त्रिकोण, एक बारका त्रिकोण आणि एक वर्तुळ. शिवाय एक चौकोन, ज्याचा एक तुकडा दारासारखा उघडतो. एवढंच. विद्यार्थिनींच्या पहिल्या गटाला सांगितलं, काय पाहिलंत ते लिहा. ३४ जणींपैकी फक्त एकीने भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांच्या लेखी मोठा त्रिकोण दांडगट होता, वर्तुळ घाबरलेलं होतं, आणि चौकोन म्हणजे अर्थातच घर. शेवटी मोठा त्रिकोण त्या घराच्या भिंती फोडतो.

यूट्यूबवर ही फिल्म आहे. भाचीला दाखवली, आवाजाशिवायच, कारण ती मूकच आहे. वर्तुळ चौकोनात कोपऱ्याशी सरकलं तशी ती म्हणाली, "मोठा ओरडतोय म्हणून ते कोपऱ्यात गेलं."

ओरडतोय? मी ताईकडे पाहिलं. ताईने खिडकीबाहेर, मेट्रोच्या खांबांकडे पाहिलं.

घराचा हप्ता, शाळेची फी, भाऊजींचा घोडबंदर रोडवर वाया जाणारा वेळ. भांडणाला कारणं कुठल्याही घरात असतात तीच. पोर आतल्या खोलीत असते, तिच्या कानावर तुकडे पडतात. मधली पानं फाटलेली असतात आणि ती मेंदू भरतो, याही वेळी स्वतःच्याच पदरचं घालून. जॉन ग्रिच आणि फ्रँक फिंचम यांनी १९९० मध्ये मांडलं की, भांडण मुलाला किती लागतं हे बरंचसं मूल त्याचा अर्थ काय लावतं यावर ठरतं. त्यातला एक अर्थ फार जाचक: हे माझ्यामुळे चाललंय.

मूल झोपलंय असं समजून आवाज चढवण्यातही अर्थ नाही. ओरेगॉन विद्यापीठात ॲलिस ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या २० बाळांना झोपेत एमआरआय यंत्रात ठेवून निरर्थक वाक्यं ऐकवली, कधी रागाच्या सुरात, कधी आनंदी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांच्या घरी आईबाबांचे खटके जास्त उडत, त्या बाळांच्या मेंदूतले ताणाशी संबंधित भाग संतापाच्या सुराला जास्त प्रतिसाद देत होते. शब्द कळायच्या आधीच सूर कळलेला असतो.

चित्रपटात रायलीची आई तिला झोपताना प्रेमानेच सांगते की, बाबांवर ताण आहे, आपण दोघी हसत राहिलो तर त्यांना मदत होईल. ऐकायला किती समजूतदार! जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेनसन यांनी १९९७ मध्ये नेमकं हे तपासलं होतं. काही स्त्रियांना त्यांनी दुःखी आणि विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, असं बजावलं. चेहरे शांत राहिले, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. या चित्रपटासाठी डॅकर केल्टनर आणि पॉल एकमन हे भावनांचे अभ्यासक सल्लागार होते, त्यामुळे रायलीचं हसू पुढे टिकत नाही हे नवल नाही. घरातून निघून बसमध्ये बसलेली ती माघारी येते, आईबाबांसमोर मोकळेपणाने रडते, तेव्हा कुठे तिघं एकमेकांना बिलगतात.

हा शेवट गोडगोड म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं. मग मार्क कमिंग्ज यांचे प्रयोग आठवले. त्यांनी मुलांना मोठ्यांच्या भांडणाच्या चित्रफिती दाखवल्या, काहींत भांडण तसंच लोंबकळत राहिलेलं, काहींत मिटलेलं. मिटलेलं पाहिलं की मुलांचा त्रास पुष्कळ कमी होई. आणखी मजेची गोष्ट म्हणजे समेट बंद दाराआड झाला आणि त्याची नुसती चाहूल लागली, तरी फरक पडे. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. भांडण हॉलमध्ये, टीव्हीच्या आवाजाच्या वर, आणि समेट रात्री अकराला ओट्याशी, दूध तापवताना, कुजबुजत. पोराच्या वहीत ते पान येतच नाही.

ताईला हे सगळं मी सांगितलं, जरा भीतभीतच. तिने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा भरताना ती सहज बोलल्यासारखी लेकीला म्हणाली, "काल रात्री बाबा आणि मी चिडलो होतो ना, ते मिटलं बरं का. हप्त्यावरून होतं, तुझ्यावरून नाही."

"कधी मिटलं?"

"तू झोपल्यावर."

भाचीने बुटाची नाडी तशीच सोडली. "मग मला उठवलं का नाही?"