मृत्युपत्रातून संस्थेला देणगी: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

‘माझ्या पश्चात हा फ्लॅट एखाद्या चांगल्या अनाथाश्रमाला द्यावा’ असे एक वाक्य लिहून ठेवले की काम झाले, असे बऱ्याच जणांना वाटते. आश्रम कोणता, फ्लॅटच द्यायचा की तो विकून आलेले पैसे, आणि हे सगळे करणार कोण, यातले त्या वाक्यात काहीच नाही. मुंबईतल्या एका खटल्यात १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ‘धरम’साठी ठेवलेली देणगी अनिश्चित म्हणून रद्दबातल ठरवली होती. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधले कलम ८९ही हेच सांगते: ज्या तरतुदीचा निश्चित अर्थ लागत नाही, ती चालत नाही. मग ती मालमत्ता वारसांकडे जाते आणि दात्याची इच्छा कागदावरच राहते.

कोणाला किती देता येते

वय १८ पूर्ण आणि मन सावध, एवढी मूळ अट. हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने कोणालाही देता येतो. मुलांना काहीच ठेवले नाही म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही. मात्र जे तुमच्यावर अवलंबून आहेत त्यांचा पोटगीचा हक्क त्याच मालमत्तेवर राहतो, म्हणून आधी त्यांची सोय करावी. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. ख्रिस्ती व्यक्तींच्या धर्मादाय देणग्यांवर बंधने घालणारे उत्तराधिकार कायद्यातले कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे तो जुना अडसर आता नाही. गोव्यात हिशेब वेगळा आहे. तिथे मुले असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते, उरलेल्या निम्म्याचेच वाटप आपल्या मर्जीने करता येते.

करसवलतीसाठी हे करत असाल तर थांबा. वारसा कर भारतात १९८५ पासूनच नाही, त्यामुळे वाचवायलाही काही नाही. आयकरातली ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत हयातीत दिलेल्या देणगीला मिळते. सवलत हवी असेल तर थोडे हातानेच द्यावे. संस्थेची पारखही होते.

संस्था निवडताना

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत खालची कार्यालये. पावतीवर ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षरापुढे जो क्रमांक असतो, तो या नोंदणीचा. मृत्युपत्रात संस्थेचे पूर्ण नाव, हा क्रमांक, नोंदणीचे ठिकाण आणि पॅन लिहा. ‘सेवा मंडळ’, ‘ज्ञान प्रसारक’, ‘बालसदन’ अशा नावांच्या संस्था प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. नुसत्या नावावर दोन संस्थांनी दावा केला तर प्रकरण कोर्टात जाते.

संस्थेकडून, किंवा धर्मादाय कार्यालयातून, परिशिष्ट एकचा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावे, उद्दिष्टे आणि स्थावर मालमत्ता असते. उताऱ्यावरचे विश्वस्त आणि प्रत्यक्ष कारभार पाहणारे वेगळे निघाले तर विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज प्रलंबित आहे, की विश्वस्तांत वाद आहे, ते विचारा. वाद चालू असलेल्या संस्थेला आपल्या पैशाने वकील मिळू नयेत, एवढी काळजी दात्याने घ्यायलाच हवी. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल पाहा. मोठ्या, नावाजलेल्या संस्थेलाच द्यावे असे नाही. तालुक्याच्या गावातले ग्रंथालय किंवा वसतिगृह पाच लाखांत जे करते, ते मोठ्या रुग्णालयाच्या ताळेबंदात दिसतही नाही. पण लहान संस्था दोन-चार माणसांवर उभी असते. म्हणून ‘ही संस्था बंद झाली किंवा तिने देणगी नाकारली तर अमुक संस्थेला’ असे दुसरे नाव मृत्युपत्रात असलेच पाहिजे.

हेतू लिहिताना हात जरा सैल ठेवावा. ‘अमुक इयत्तेत अमुक विषयात पहिल्या येणाऱ्यास आईच्या नावे बक्षीस’ अशा अटींवर ठेवलेल्या ठेवी पुढे संस्थेला जड होतात. विषयच अभ्यासक्रमातून जातो, व्याज एका वहीपुरतेही उरत नाही, आणि हिशेब मात्र दरवर्षी ठेवावा लागतो. ‘गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी’ एवढे पुरे.

काय द्यायचे

खरी गुंतागुंत इथे आहे. सार्वजनिक न्यासाला आपली स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६. तुम्ही दिलेला फ्लॅट संस्थेला वापरायचा नसेल, तर परवानगी मिळेपर्यंत सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी तिच्याच गळ्यात. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, संस्थेला ती जागाच हवी असल्याशिवाय ‘एक्झिक्युटरने फ्लॅट विकावा आणि खर्च वजा जाता रक्कम संस्थेला द्यावी’ असे लिहावे. एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी तुम्ही त्यात नेमलेली व्यक्ती. संस्थेशी आधी बोलून घ्या. देणगी स्वीकारायची सक्ती तिच्यावर नाही.

शेतजमिनीबाबत फार जपून. १९४८ च्या कुळकायद्यातले बिगरशेतकऱ्याला जमीन देण्यावरचे निर्बंध मृत्युपत्रालाही लागू होतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातमधल्या प्रकरणात दिला. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात मूळ कायदा तोच. सातबारा हातात घेऊन वकिलाला विचारल्याशिवाय शेत संस्थेच्या नावे लिहू नका. पागडीची खोली तर आपली नसतेच. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे १९९४ पासून ठरलेले आहे.

सगळ्यात सोपे म्हणजे मुदतठेवी, शेअर्स, म्युच्युअल फंड. पण बँकेच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून व्यक्तीचेच नाव लागते, संस्थेचे नाही. नॉमिनी मालक होत नाही, शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. त्यामुळे ठेवीवर पुतण्याचे नाव आणि मृत्युपत्रात संस्थेचे, अशी स्थिती असेल तर पुतण्याला आजच सांगून ठेवा. जमले तर एक्झिक्युटरलाच नॉमिनी करा.

शेवटी ‘वर उल्लेख न केलेली सर्व उर्वरित मालमत्ता’ कोणाला, ते लिहायला विसरू नका.

करण्याची पद्धत आणि कागदपत्रे

साध्या कागदावर मराठीत लिहिलेले मृत्युपत्र पूर्ण कायदेशीर असते. मुद्रांक लागत नाही. सही तुमची, आणि किमान दोन साक्षीदारांची. त्या दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ती सही आपलीच आहे हे तुम्ही त्यांना सांगितलेले असावे. संस्थेचा विश्वस्त किंवा कर्मचारी साक्षीदार घेऊ नये, पुढे संशयाला जागा राहते. एक्झिक्युटर वयाने आपल्यापेक्षा लहान आणि कागदपत्रांना न कंटाळणारा हवा.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण वारस दुखावण्याची शक्यता असेल तर करावीच. दुय्यम निबंधक कार्यालयात मूळ मृत्युपत्र, आपले आणि साक्षीदारांचे आधार व पॅन, फोटो, आणि उतारवयात मनःस्थिती उत्तम असल्याचा डॉक्टरांचा त्या दिवसाच्या आसपासचा दाखला न्या. मृत्युपत्राच्या नोंदणीला इतर दस्तांसारखी चार महिन्यांची मुदत लागत नाही, आणि हयातीत नकला तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कोणाला मिळत नाहीत. हवे असल्यास ते मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. सोबत घरात एक यादी असू द्या: इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, मिळकत पत्रिका, ठेवींच्या पावत्या, डीमॅटचा तपशील. देहदान किंवा नेत्रदानाची इच्छा मात्र मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही. ते उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

परदेशस्थ मराठी मंडळींसाठी: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेली भारतीय वंशाची व्यक्ती, मात्र परकीय स्रोत धरली जाते. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले ठरावीक खाते हवे.

मृत्यूनंतर

मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, सक्ती करणारे उत्तराधिकार कायद्यातले कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये वगळले गेले. तरी फ्लॅटचा खरेदीदार किंवा बँक प्रोबेट मागू शकते, म्हणून त्या खर्चाची तरतूद ठेवावी. स्थावर मिळाल्यास संस्थेने ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल कळवायचा असतो. सर रतन टाटा ट्रस्टप्रमाणे, जो १९१९ मध्ये मृत्युपत्रातूनच उभा राहिला, स्वतःचा नवा न्यास करायचा असेल तर एक्झिक्युटरने प्रोबेट मिळाल्यापासून एक महिन्यात किंवा मृत्यूपासून सहा महिन्यांत, यातले जे आधी येईल त्या मुदतीत, नोंदणीचा अर्ज करायचा असतो. फार मोठी रक्कम नसेल तर या भानगडीत पडू नये.

मधल्या काळात संस्था बदलावीशी वाटली तर मूळ कागदावर खाडाखोड करू नका. पुरवणी मृत्युपत्र करा, त्यालाही दोन साक्षीदार लागतात.